बोके आणि भोक

आमच्या भाऊजींनी जन्मभर एकच धंदा केला: लोकांच्या डोळ्यांपुढचं धूसर घालवण्याचा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. जागा बोगद्यासारखी लांबट. दाराशी काचेचं कपाट, मधे एक उंच खुर्ची आणि पार मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर ताटाएवढं, मग अक्षरं लहान होत होत शेवटच्या ओळीत घ ध भ म थ य. ही ओळ भाऊजींनी छापखान्यात बसून मुद्दाम करून घेतली होती. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक ज्याला दिसला त्याला जग दिसलं, असं त्यांचं म्हणणं. तिच्याही खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं. ते कोणी वाचून दाखवलं की भाऊजी त्याच्या नाकावरची चौकट काढून घेत आणि म्हणत, "आपण उगाच आलात."

मी त्यांचा मेहुणा. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, ते यजमान. नोकरीतून सुटल्यापासून माझं दुकानातलं काम पेपर वाचण्याचं. गिऱ्हाईक आलं की भाऊजी माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "ही आमची जाहिरात. चष्मा घातला की माणूस एवढं फुकट वाचू शकतो."

तर हे दुकान बंद करायचं ठरलं. बारीक स्क्रू फिरवताना भाऊजींचा हात थरथरायला लागला होता, आणि थरथरत्या हाताने नंबर काढणं त्यांना पसंत नव्हतं. जागा एका मोबाइलवाल्याने घेतली. शनिवारी त्याच्या हातात किल्ली द्यायची आणि तो लगेच भिंती रंगवायला घेणार.

भाऊजींनी कशाची म्हणून कुरकुर केली नाही. एकच मागणी केली, तीही ताईजवळ. "एक फोटो हवा. मी खुर्चीत, मागे तक्ता. आणि तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आला पाहिजे."

गंमत अशी, की लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी दुकान उघडून मग मांडवात आलेल्या या माणसाचा दुकानातला एकही फोटो नव्हता. आणि शनिवारनंतर काढायला दुकान नव्हतं.

ताई म्हणाली, "त्यात काय मोठंसं? जावईबापू आहेत की."

इथे सगळं बिघडलं.

जावईबापू विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. स्वभावाने गाय. व्यसन म्हणाल तर सुपारीचंही नाही, फक्त कॅमेऱ्याचं. मंगळवारी ते आले ते गळ्यात कॅमेरा आणि त्याला पुढे लोट्याएवढं भिंग लावून. माझी भाची, त्यांची बायको, मागून बॅग धरून. तिने मला हळूच सांगितलं, "मामा, नवीन आहे. कौतुक कर. नाहीतर घरी मला करावं लागतं."

भाऊजी कोट घालून खुर्चीत बसले. जावईबापू गुडघ्यावर बसले, वाकले, एकदा तर जवळजवळ आडवे झाले. मग उठून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेकडे बघत म्हणाले, "वा. बोके काय सुंदर आलेत."

भाऊजींनी मागे वळून पाहिलं. मीही पेपर खाली केला.

आतल्या खोलीत ताई चहा करत होती. तिथून तिचा आवाज आला. "परत आले का मेले? अरे, दुधावर ताट ठेव आधी."

हे सांगायला हवं की चहाच्या खोलीच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती आणि त्या भोकातून गल्लीतले बोके ये-जा करत. ताईचं आणि त्यांचं जुनं वैर होतं. ती हातात झारा घेऊनच बाहेर आली.

"कुठायत?"

"इथे, आई," जावईबापू नम्रपणे म्हणाले आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला.

आम्ही तिघांनी डोकी घातली. फोटोत भाऊजी होते. भुवईचा केस न् केस मोजून घ्या. कोटाच्या बटणाचा दोरा सुटला होता, तोही. पण त्यांच्या मागे दुकान नव्हतं. मागे मऊमऊ पांढरट गोळे होते, साबणाच्या फेसात दिवा लावल्यासारखे. तक्ता होता तिथे धुकं होतं.

"यात बोका कुठला?" ताईने विचारलं.

"हे सगळंच बोके."

"एवढे?"

मग जावईबापूंनी समजावून सांगितलं. समजावून सांगणारा माणूस सज्जन असला की फार हाल होतात, कारण थांबवता येत नाही. बोके हा जपानी शब्द. इंग्रजीत लिहिताना त्याच्या शेवटी एक ह लावतात, पण तो तोंडात ठेवायचा, बाहेर सोडायचा नाही. फोटोत मुख्य माणसाच्या मागचं जे धूसर होतं, ते बोके.

"मग धूसर म्हणावं," भाऊजी म्हणाले.

"नुसतं धूसर कुणीही करेल, बाबा. धूसर किती आहे त्याला किंमत नाही, ते कसं आहे त्याला आहे. साध्या भिंगाचं धूसर खरखरीत येतं. हे कसं आलंय बघा, लोण्यासारखं."

"बोके म्हटल्यावर लोणी आलंच," ताई म्हणाली आणि झारा घेऊन आत गेली.

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे ते राग आल्यावर करत. मग म्हणाले, "छान आहे."

जावयाला सासरा दुसरं काय म्हणणार? त्यातून हा जावई लाखात एक. लेकीशी कधी आवाज चढवून बोलला नाही. त्याला फोटो आवडला नाही म्हणून सांगायचं म्हणजे गाईच्या पाठीत काठी घालण्यासारखं. जावईबापू खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी मोठा कागदी फोटो करून आणून देतो म्हणाले, आणि दिलाही. त्यात धूसर आणखी मोठं दिसत होतं.

बुधवारी बाई आल्या. बाई म्हणजे गल्लीतल्या शाळेच्या निवृत्त हेडबाई. त्यांचा शेवटचा चष्मा तयार होता. भाऊजींनी तो त्यांच्या कानांवर बसवला, काड्या किंचित वाकवल्या, आरसा धरला. बाईंनी आरशात पाहून मान हलवली आणि त्यांची नजर कपाटावर उभ्या केलेल्या फोटोकडे गेली.

"अहो, हे काय? नंबर चुकलाय."

"चुकायचा नाही."

"मला तुमच्या मागचं सगळं फिसकटलेलं दिसतंय."

"बाई, ते फोटोतच तसं आहे."

"फोटो असा कोण काढेल?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपर उंच धरला. त्यांनी बाईंना पुन्हा खुर्चीत बसवलं, चौकट चढवली, एकेक काच घालून सगळा नंबर पुन्हा तपासला. बाईंनी घ ध भ म थ य घडाघडा वाचलं. नंबर बरोबर होता. बाई फोटोकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तरीही."

त्या गेल्यावर भाऊजींनी काचा पेटीत ठेवल्या. मग बोलले ते एकदम बोलले. "मी जन्मभर हे धूसर पुसत बसलो. आणि माझा जावई तेच धूसर दुकानात जाऊन विकत आणतो. वर निवडून आणतो. खरखरीत नको, मऊ द्या म्हणतो."

"मग सांगा त्यांना," ताई म्हणाली.

"मी? मी सासरा आहे."

"मी सासू आहे. मी बोलले तर लेकीला दोन दिवस घरात तोंड लपवावं लागेल."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की घरात मेहुणा कशासाठी असतो ते कळतं. इथे तर बोका होता, म्हणजे अंगावर येणारच.

"नीट सांग हं," ताई म्हणाली. "दुखवू नकोस. आडून आडून सांग."

हीच चूक झाली. मी सरळ सांगितलं असतं तर ही गोष्ट इथे संपली असती. गुरुवारी मी जावईबापूंना त्यांच्या कचेरीच्या पायऱ्यांवर गाठलं आणि आडून सुरुवात केली.

"फोटो फारच नामी आलाय."

"खरंच, मामा?"

"घरात सारखं त्या बोक्यांचंच चाललंय. भाऊजींना दुसरं सुचत नाही."

हे अक्षरशः खरं होतं.

"मला वाटलं, त्यांना फारसं रुचलं नाही," जावईबापू म्हणाले आणि माझा हात धरला. डोळ्यांत पाणी वगैरे यायच्या बेतात होतं.

आता इथून मागे कसं यायचं? मी म्हटलं, "फक्त मागचं जे आहे ना, ते जरा आणखी..." आणि योग्य शब्द शोधू लागलो. 'उघडं' म्हणू, 'ठळक' म्हणू, की 'वाचनीय' म्हणू, एवढा विचार करेपर्यंत जावईबापूंनी वाक्य पुरं केलं.

"आणखी मऊ. कळलं मला. मामा, तुमची नजर आहे हं. थोडा कमीच पडला होता मला तो परिणाम. आपण पुन्हा काढू."

घरी येऊन मी सांगितलं, "पुन्हा काढतायत." ताईने मला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली. ती मी खाल्ली.

शुक्रवारी जावईबापू आणखी जवळून फोटो काढून गेले आणि संध्याकाळी दाखवायला घेऊन आले. त्या फोटोत भाऊजींचा डावा डोळा होता. असा स्पष्ट, की डोळ्याच्या बाहुलीत दुकानाचं दार दिसत होतं. पण डाव्या डोळ्याच्या पलीकडे पृथ्वी संपली होती. नाक उताराला लागलं होतं. कान विरघळले होते.

भाऊजींनी फोटो हातात धरून, लांब करून, जवळ आणून पाहिला.

"उजवा डोळा कुठाय?"

"तो बोकेमध्ये गेला, बाबा."

"त्यांनी खाल्लाच का शेवटी," ताई म्हणाली.

भाची हसू दाबायला आत निघून गेली. जावईबापूंनी अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. "ही मामांची सूचना."

भाऊजींनीही माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला. पुसला. या वेळी परत घातलाच नाही.

शनिवार उजाडला. दुकान बरंचसं रिकामं झालं होतं. फ्रेमा खोक्यांत गेल्या होत्या. राहिली होती खुर्ची, तपासणीच्या काचांची पेटी आणि तक्ता. मोबाइलवाला दाराशी येऊन उभा होता. माणूस बरा होता, पण त्याच्या मागे दोन रंगारी शिडी घेऊन उभे होते आणि शिडी वाट बघताना फार उतावळी दिसते.

"काका, सावकाश होऊ दे," तो म्हणाला. "फक्त ते भिंतीवरचं उतरवलं की हे लोक सुरू करतील."

जावईबापू निरोपाचे चार फोटो काढायला आले होते. लोट्यासकट. त्यांनी गुडघा टेकला आणि म्हणाले, "बाबा, आज उजेड असा आहे की बोके नुसते..."

"जावईबापू," भाऊजी म्हणाले, "तुमच्या त्या जपानी लोकांत म्हातारपणी माणसाला आठवेनासं होतं त्याला काय म्हणतात?"

जावईबापू गोंधळले. पण त्यांना माहीत असलेली गोष्ट कोणी विचारली की सांगितल्याशिवाय राहवत नसे. "योगायोग बघा. डोकं धूसर होतं, विसर पडतो, त्यालाही तिकडे बोकेच म्हणतात."

"झालं तर. मला तो होण्याच्या आत हे दुकान एकदा नीट बघायचंय. मागाहून बघायचंय. आठवायची वेळ आली आणि आठवलं नाही, तर भिंतीवर बघता यावं म्हणून हा फोटो. आणि तुम्ही मला माझ्या भुवया दाखवता. भुवया मी आरशात बघतो हो. रोज असतात तिथे."

जावईबापूंनी कॅमेरा खाली घेतला. शिडीसुद्धा जरा मागे सरकली.

"तुम्हाला मागचं दिसायला हवंय?" जावईबापूंनी विचारलं.

"शेवटच्या ओळीपर्यंत."

"मग मामा तर म्हणाले की..."

मी तक्त्याचं वरचं अक्षर वाचू लागलो. ते मला स्पष्ट दिसत होतं.

भाऊजींनी पेटी उघडली. त्यातून बारीक भोक पाडलेली काळी चकती काढली. नंबर लागत नसला की ही चकती डोळ्यापुढे धरतात. भोकातून पाहिलं की धूसर दिसणाऱ्याला बरंच स्पष्ट दिसतं. त्यांनी जावईबापूंचा चष्मा उतरवला, चकती डोळ्याशी धरली. "तक्ता वाचा."

"घ, ध, भ..."

"आता या लोट्याला असं एवढंसं भोक पाडून आणा कुठूनतरी."

"पाडायला कशाला हवं, आतच आहे की." जावईबापूंनी भिंगाची एक कडी फिरवली आणि आम्हाला दाखवली. आत पाकळ्यापाकळ्यांची झडप होती. कडी फिरेल तशी ती मिटत गेली आणि मधे डाळीच्या दाण्याएवढं भोक राहिलं. "हे उघडं ठेवलं की बोके येतात. लहान केलं की जातात. एवढंच ना? बाबा, पहिल्या दिवशीच सांगायचं होतंत."

"मग तुम्ही पहिल्या दिवशीच का नाही केलंत?"

"एवढं भारी भिंग घेऊन भोक बंद करायचं?" जावईबापूंच्या आवाजात खरी कळकळ होती. "हौसेने गाडी घ्यायची आणि ढकलत न्यायची तसं होतं ते."

"बोके नको असतील तर भोक बुजवायलाच लागतं," ताई म्हणाली. "मी नाही का कालच जाळीला तार मारली? यात जपानला कशाला विचारायचं?"

आम्ही सगळे चार दिवस ज्याच्यासाठी वैतागलो होतो ते एका कडीत होतं. मी पेपर शोधला, पण तोही खोक्यात बांधला गेला होता.

जावईबापूंनी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. लहान भोकातून उजेड कमी येतो, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. "एकच करायचं, बाबा. डोकं अजिबात हलवू नका."

"हे वाक्य माझं आहे," भाऊजी म्हणाले आणि ताठ बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून, हात मांडीवर. मागे तक्ता. ताईने पुढे होऊन त्यांच्या कोटाच्या बटणाचा सुटलेला दोरा तोडला आणि बाजूला झाली.

"श्वास रोखा," जावईबापू म्हणाले आणि बटण दाबलं.

नेमक्या त्याच क्षणी दाराशी उभ्या असलेल्या मोबाइलवाल्याला वेळ कसा घालवावा ते सुचलं. तो आपला तक्ता वाचू लागला. खालून वर. "घ, घ, भ..."

"दुसरा ध आहे," भाऊजी म्हणाले आणि मागे वळले.

खट् करून पडदा मिटला.

जावईबापूंनी फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. पुन्हा एक काढू म्हणेपर्यंत शिडी आत आली होती, आणि भाऊजी स्वतःच उठून तक्ता उतरवायला लागले होते. "झालं ते झालं. त्या बिचाऱ्यांचा खोळंबा नको." तक्ता इतका जुना होता की चारही कोपरे भिंतीलाच राहिले आणि बाकीचा हातात तुकड्यांनी आला.

त्याच संध्याकाळी जावईबापूंनी न सांगता फोटोचा मोठा कागद करून आणला. तोंड एवढंसं झालं होतं. फोटोत दुकान होतं. भिंतीवरचा ओलीचा डाग होता, पंख्याचं बटण होतं, खुर्चीच्या पाठीवरची चीर होती. तक्ता असा होता की जणू आत्ता बोट लावावं. पुढे खुर्चीत मात्र एक कोट होता आणि त्यावर मान फिरवतानाचा एक करडा लोळ. त्याला दोन नाकं होती की एकही नव्हतं, यावर आमच्यात मतभेद झाले.

"माफ करा, बाबा. सगळा फुकट गेला."

भाऊजींनी भिंग घेतलं आणि फोटोवर ओणवे झाले. वरून खाली येत गेले. "घ, ध, भ, म, थ, य." मग आणखी खाली वाकले. "छापखान्याचं नावसुद्धा आलंय."

"पण तुम्ही धूसर झालात."

"माझं काय. मी घरातच आहे."

मग त्यांनी जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. भाची म्हणाली, चला, एकदाचे बाबांना बोके आवडले. यावर जावईबापूंनी मान वर केली. सज्जन माणूस, पण शब्दाच्या बाबतीत कडक. "हे बोके नाहीत. बोके वेगळे. बोके भिंगामुळे येतात. हा नुसता हललेला फोटो आहे. दोन्ही धूसरच, पण हे धूसर आणि ते धूसर..."

"कळलं," ताई म्हणाली. "बोका बसलेला आणि बोका पळालेला."

फोटो बैठकीच्या खोलीत लागला. आता भाऊजींना गिऱ्हाइकं नाहीत, पाहुणे आहेत. पाहुणा आला की ते त्याला समोरच्या भिंतीला टेकून उभा करतात आणि फोटोतला तक्ता वाचायला लावतात. परवा बाई आल्या होत्या, नवा चष्मा लावून. जावईबापूही बसले होते चहा घेत. बाईंनी तिथूनच शेवटची ओळ खणखणीत वाचली. ध ला ध म्हणाल्या. भाऊजी प्रसन्न झाले.

मग बाईंनी चष्मा जरा वर सरकवला. "आणि पुढे हे खुर्चीत कोण?"

जावईबापूंनी कप खाली ठेवला आणि समजावून सांगायला तोंड उघडलं.

"तो बोका," ताई म्हणाली.